कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून अण्णांचे पाय दुखतायत, बंद करावी का?

सातारी_कंदी (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६१, साखर कारखान्यातून रिटायर झालेत. बीपीची गोळी (टेल्मिसार्टन ४०) बरीच वर्षं चालू आहे, तंबाखू होती ती सुटली, बाकी काही व्यसन नाही. दिवाळीनंतर घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या तर अण्णांचं टोटल कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं) ३८, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१० आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. फॅमिली डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० (स्टॅटिन म्हणतात त्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांतली एक) दिली, गोडधोड कमी करा, चाला म्हणाले. परत तपासलं तर टोटल १६४ आणि एलडीएल ९२. आम्ही खूश.

आता घोळ असा झालाय की रिपोर्ट नॉर्मल आला म्हटल्यावर अण्णा म्हणतात आता कशाला गोळी. त्यात मांड्या भरून येतात, जिना उतरताना त्रास होतो असं चालू झालं आणि कट्ट्यावरच्या मित्राने सांगितलं की ही गोळी स्नायू खाते, लिव्हर खाते, शुगर लावते आणि माणूस विसरभोळा होतो. वर कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, कोलेस्टेरॉल म्हणजे सगळा कंपन्यांचा धंदा. झालं. आई रोज गोळी काढून हातात देते आणि हे तोंडात टाकल्यासारखं करून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, परवा झाडताना सात-आठ गोळ्या सापडल्या आईला.

माझी भीती वेगळी आहे. अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ, माझे काका, पन्नाशीच्या आतच अटॅकने गेले, शेतातून घरी आणेपर्यंत खेळ संपला होता. त्यामुळे मला गोळी बंद करायचं धाडस होत नाही आणि अण्णांचे पाय दुखतात ते पण खोटं नाही. कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? लसूण, जवस, काढा यावर भागेल का? आणि नॉर्मल आल्यावर पण आयुष्यभर घ्यायची असते का ही?


भडंगवाला_सांगली

भावा बंद बिंद काय करू नको परस्पर. ज्या डॉक्टरनं चालू केली त्याच्याकडंच जा आणि पाय दुखत्यात म्हणून सांग, ते काय खात न्हाईत आपल्याला. आमच्यात लोकं डॉक्टरला सोडून सगळ्या गावाला विचारत्यात (मी पण त्यातलाच हाय, म्हणून तर हितं बसलोय).


काढेवाले_आबा

माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. आम्ही तरुण होतो तेव्हा २५० पर्यंत कोण विचारत नव्हतं, मग म्हणाले २०० च्या खाली पाहिजे, आता म्हणतात एलडीएल ७० पाहिजे, ५५ पाहिजे. दरवेळी आकडा खाली आणायचा आणि नवी गिऱ्हाईकं तयार करायची. कोलेस्टेरॉल शरीराला लागतं, मेंदू त्याचाच बनलेला आहे. वडिलांना रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या, अर्जुनसालीचा काढा आणि जेवणात जवसाची चटणी द्या. माझं वय ७०, मी आयुष्यात ही गोळी घेतली नाही, रोज रानात जातो.


मिरजकर_ताई

आबा तुम्हाला नमस्कार, पण तुम्ही रानात जाता आणि यांचे काका रानातूनच गेले हो. एका माणसावरून नाही ठरवता येत.

सातारी, आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे त्यामुळे आमच्याकडे ही गोळी घरच्यासारखी आहे. ह्यांना आधी ॲटोर्वास्टॅटिन ८० होती, तेव्हा खरंच दंड आणि मांड्या ठणकायच्या. कार्डिओलॉजिस्टना सांगितलं तर त्यांनी वाद घातला नाही, थोडे दिवस बंद ठेवायला लावली, दुखणं गेलं, मग दुसरी स्टॅटिन कमी डोसने चालू केली आणि जोडीला इझेटिमाईब १० दिली. ती दुसऱ्या पद्धतीने काम करते, आतड्यातून कोलेस्टेरॉल आत येतं ते अडवते. त्यांनी समजावलेलं माझ्या चांगलं लक्षात आहे, की स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, त्रास मात्र वाढू शकतो, त्यापेक्षा कमी डोस आणि दुसरी गोळी जोडीला हे पुष्कळ जणांना झेपतं. सांगायचं काय, तर "चालू" आणि "बंद" याच्या मधे बऱ्याच वाटा असतात आणि त्या डॉक्टरला माहीत असतात.

आणि नॉर्मल आलं म्हणून बंद, याला माझा एकच प्रश्न. अण्णांचं बीपी गोळी घेऊन १३०/८० येतं ना? मग बीपीची गोळी का नाही ठेवली ड्रॉवरमध्ये?


सातारी_कंदी

ताई हा प्रश्न आज जेवताना विचारतो, बघू काय म्हणतात 😄


डॉ_निवांत

मी फिजिशियन आहे, सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. पेशंट न बघता गोळी चालू ठेवा की बंद करा हे इथे सांगणार नाही, पण काही गोष्टी सांगतो त्या घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

आधी पाय. नेमकं दुखतं कुठे ते अण्णांना विचारा. स्टॅटिनचं दुखणं शक्यतो दोन्ही बाजूला सारखं असतं, मांड्या, कंबरेखालचा भाग, दंड, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, आणि बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांतच चालू होतं. एकाच गुडघ्यात कळ येत असेल तर तो गुडघा आहे, गोळीला दोष देऊ नका. आणि तिसरा प्रकार जो लोक हमखास विसरतात, चालताना पोटरी आवळून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटते, परत तेवढंच अंतर चाललं की परत आवळते. असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात का ते बघावं लागतं, तंबाखू आणि बीपी असलेल्या माणसात तर नक्कीच. माझ्याकडे असे पेशंट येतात, गोळीने पाय दुखतात म्हणून गोळी सोडलेली असते आणि दुखणं असतं रक्तवाहिनीचं, ज्याच्यावर तीच गोळी लागते.

मग तपासण्या. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते कळतं), टीएसएच (थायरॉईडची), व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (किडनीची). टीएसएच का, तर थायरॉईड कमी पडलं की एलडीएल पण वाढतं आणि स्नायू पण दुखतात, आणि अशा माणसाला स्टॅटिन दिली तर त्रास जास्त होतो. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर दोन्ही खाली आलेले पेशंट बघितलेत. सीपीके वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल, किंवा अंग खूप दुखून लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली तर मात्र विचारत बसू नका, गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा, त्यात किडनी जाऊ शकते. हे फार म्हणजे फार क्वचित होतं पण माहीत पाहिजे.

आता कट्ट्यावरच्या मित्राबद्दल. शुगरचं त्यांचं पूर्ण खोटं नाही. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १३ ट्रायल (औषधाच्या लोकांवरच्या चाचण्या) एकत्र करून ९१,१४० लोकांचा हिशोब मांडला होता, स्टॅटिनने मधुमेहाचं प्रमाण ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. ऐकायला मोठं वाटतं, पण अर्थ असा की २५५ लोकांना चार वर्षं गोळी दिली तर त्यातल्या एकाला जास्तीचा मधुमेह होतो, आणि तोही बहुतेक आधीच काठावर असलेला. अण्णांचं ६.१ म्हणजे ते काठावरच आहेत, त्यामुळे एचबीएवनसी वरचेवर बघत राहा आणि पोट कमी करा. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पण बघा, एलडीएल साधारण ३९ ने खाली आलं की अटॅक, लकवा वगैरे मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात असं मोठमोठ्या ट्रायलमधून परत परत दिसलंय. अण्णांचं ७६ ने उतरलंय.

लिव्हर म्हणाल तर सुरुवातीला एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) करतात, वरच्या मर्यादेच्या तिप्पटीच्या वर गेलं तर विचार करतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१२ मध्येच सांगितलं की दर थोड्या दिवसांनी लिव्हर तपासत बसायची गरज नाही, लक्षणं दिसली तर करा. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको हे पण चुकीचं. आणि मेंदू स्वतःला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो आबा, रक्तातलं एलडीएल तिथे पोचतच नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला हे गोळीचं काम आहे. कोलेस्टेरॉल जास्त करून लिव्हरमध्येच बनतं, ही गोळी तिथलं एक एन्झाईम दाबते, लिव्हरला कमी पडायला लागलं की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं, म्हणून आकडा उतरतो. गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल परत जिथे होतं तिथे. उलट कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाईडलाईन्स बघितल्या तर बीपी किंवा शुगर असलेल्या जास्त जोखमीच्या माणसाला एलडीएल ७० च्या खाली सांगितलंय, हार्टचा आजार असलेल्याला ५५ च्या खाली. म्हणजे ९२ वर समाधान मानायचं का हेच तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एक राहिलंच. काका पन्नाशीच्या आत गेले म्हणताय तर लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक प्रकार, एकदा तपासून घ्या, आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं, ते बरंचसं घराण्यातून येतं. आणि तुमचं स्वतःचं लिपिड प्रोफाईल कधी झालंय?


भडंगवाला_सांगली

डॉक्टर साहेब एक नंबर. पण सगळं वाचूस्तोवर भडंगाची पुडी संपली.


काढेवाले_आबा

डॉक्टर, तुम्ही समजावून सांगितलं त्याबद्दल आभार. पण हे केमिकल जन्मभर पोटात घालण्यापेक्षा निसर्गातलं काही असेल तर ते आधी करून बघायला काय हरकत आहे एवढंच माझं म्हणणं.


डॉ_निवांत

आबा, गंमत अशी आहे की ही गोळी आली निसर्गातूनच. जपानचे अकिरा एंडो म्हणून शास्त्रज्ञ होते, शेतकरी घरातले, त्यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका बुरशीत कोलेस्टेरॉल अडवणारा पदार्थ सापडला. त्यावरून पुढे काम होऊन १९८७ ला अमेरिकेत लोवास्टॅटिन बाजारात आली. लाल यीस्टचा तांदूळ म्हणून जे "नैसर्गिक" ऑनलाईन विकतात त्यात तीच लोवास्टॅटिन असते, फक्त किती आहे याचा भरवसा नाही. त्यामुळे ते घेऊन पण पाय दुखू शकतात, आणि तेव्हा माणूस म्हणतो मी तर औषध घेतच नाही.

लसूण, जवस, मेथी, ओट्स खाऊ द्या ना, चांगलंच आहे, पण १६८ वरून ७० ला ते नेत नाहीत. अर्जुनसाल घेत असाल तर डॉक्टरला सांगून घ्या.

आकडे खाली आणले म्हणता, ते ट्रायल होत गेल्या तसे आणले. १९९४ मध्ये स्कॅंडिनेव्हियात हार्टच्या ४४४४ पेशंटवर सिमवास्टॅटिनची ट्रायल झाली, पाच-साडेपाच वर्षांत गोळीवाल्या गटात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. त्याआधी डॉक्टरांमध्येच भांडणं होती की कोलेस्टेरॉल उतरवून माणूस जास्त जगतो का. ती बरीचशी तिथे मिटली. पेटंट तर या गोळ्यांची कधीच संपलीत, जनऔषधीत स्वस्तात मिळतात, कंपनीचा यात पूर्वीसारखा मलिदा राहिलेला नाही.


सातारी_कंदी

डॉक्टर खूप खूप आभार, वेळ काढून लिहिलंत. अण्णांना बसवून विचारलं. दोन्ही मांड्या, पुढच्या बाजूने, दोन्हीकडे सारखं. पोटरीत काही नाही. चढताना नाही, उतरताना जास्त. आणि बोलता बोलता आई म्हणाली की डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हापासून हे रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात. म्हणजे गोळी आणि किल्ला एकाच आठवड्यात चालू झालंय!! त्याआधी अण्णांचं चालणं म्हणजे राजवाड्यापर्यंत जाऊन पेपर आणणं.

बीपीच्या गोळीचा प्रश्न पण विचारला. "ती वेगळी" म्हणाले. का वेगळी ते नाही सांगितलं.


घाटरनर

हाहाहा अण्णांना सलाम. अहो मग हे गोळीचं असेल असं मला वाटत नाही (डॉक्टर नाही मी, धावणारा आहे). मी यवतेश्वर घाटात प्रॅक्टिस करतो, सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालोय, तिथे जाताना सगळा चढ आणि येताना सगळा उतार. नवीन पोरं चढाची भीती बाळगतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतात ती उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते, एक-दोन दिवसांनी ठणका लागतो, आणि जिना उतरताना सगळ्यात जास्त. अण्णांचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

साठीनंतर एकदम रोज किल्ला नको हो. पहिले काही आठवडे सपाटीवर चाला, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग एक दिवस आड किल्ला. उतरताना छोटी पावलं, काठी घेतली तर अजून उत्तम. आणि रक्त द्यायला जाण्याआधी दोन-तीन दिवस किल्ला बंद ठेवा, नाहीतर सीपीके तसंही वाढलेलं येतं, आमचं मॅरेथॉननंतर केलं तर लॅबवाला घाबरेल.


डॉ_निवांत

घाटरनर यांच्याशी सहमत, सीपीकेच्या आधी विश्रांतीचा मुद्दा बरोबर आहे. पण "किल्ल्यामुळेच आहे" असं पण आत्ताच ठरवू नका. सोपा उपाय, गोळी चालू ठेवून थोडे दिवस किल्ला थांबवा आणि काय होतं बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन्ही एकदम बंद केल्या तर काहीच कळणार नाही.

याच्यावर एक अभ्यास आहे तो अण्णांना जरूर सांगा. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये सॅमसन नावाची छोटी ट्रायल झाली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली, प्रत्येकाला एका वर्षात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार महिने काहीच नाही, उलटसुलट क्रमाने. रोज त्रासाला मार्क द्यायचे. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला त्यातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवर पण होता. त्रास खोटा होता असं नाही बरं का, माणसांना खरंच दुखत होतं, पण दुखणं गोळीतल्या औषधाचं नव्हतं, गोळी घेतोय या धास्तीचं होतं. हे बघितल्यावर त्यातल्या अर्ध्या लोकांनी परत गोळी सुरू केली.


खिंडवाडी_३४

मधेच घुसतोय सॉरी. माझं वय ३४, एलडीएल १३८, बाकी बीपी शुगर काही नाही, घरात कुणाला हार्ट नाही, वजन जरा जास्त. कंपनीच्या चेकअपमध्ये आकडा लाल रंगात आलाय तेव्हापासून बायको गोळी घ्या म्हणून मागे लागलीय. हे सगळं वाचून मी पण चालू करू का?


मिरजकर_ताई

नको हो असं वाचून चालू करू. अण्णांचं वय, बीपी, शुगर काठावर, भावाचा अटॅक, सगळं मिळून गोळी आलीय, नुसत्या आकड्यावर नाही.


डॉ_निवांत

ताईंनी बरोबर सांगितलं. लॅबच्या रिपोर्टवरचा लाल रंग सगळ्यांना एकच पट्टी लावतो. ज्याला जोखीम मुळात कमी त्याला गोळीचा फायदा पण थोडाच मिळतो, आणि इथे आबांच्या शंकेत तथ्य आहे, अशा माणसाला सरसकट गोळी लावू नये. तुम्ही आधी वजन, बेकरी, बाहेरचं तळलेलं, गोड चहा यावर काम करा आणि तीन-सहा महिन्यांनी परत तपासा. एलडीएल १९० च्या वर असतं तर मी वेगळं बोललो असतो, तेव्हा घराण्यातला दोष असू शकतो आणि तरुण वयातच औषध लागतं.

आणि तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलंय म्हणून जास्त ओतू नका. शेंगतेल काय, करडी काय, सरकी काय, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतंच.


भडंगवाला_सांगली

साहेब जत्रा तोंडावर आल्यात, मटणाचं काय ते पण सांगून टाका. आणि आमच्या तासगावच्या मामांना कुणीतरी सांगितलं या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत. त्यांची स्वतःची दोन एकर बाग हाय आणि माणूस घड हातात घेऊन नुसता बघत बसतोय.


मेडिकलवाला

द्राक्षं खुशाल खाऊ द्या मामांना (शुगर असेल तर बेतानं). वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, ते पपनसासारखं मोठं आंबट-कडू फळ असतं, आपल्याकडे मिळत पण नाही फारसं. त्याच्या रसानं ॲटोर्वा आणि सिमवा रक्तात जास्त साठतात. मटणाचं डॉक्टर सांगतील, आमच्याकडं जत्रेनंतरच्या आठवड्यात ॲसिडिटीची औषधं संपतात एवढंच मला माहीत.

मी काउंटरवर उभा असतो त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. एक, पावसाळ्यात गजकर्णाचे पेशंट खूप, त्यांना इट्राकोनाझोल लिहिलेली असते आणि त्यातले काही जण घरी ॲटोर्वास्टॅटिन घेत असतात. स्किनच्या डॉक्टरला ते सांगितलेलं नसतं. या दोन एकत्र आल्या की स्टॅटिन रक्तात वाढते आणि स्नायूंचा त्रास होऊ शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन अँटिबायोटिकचं पण तसंच. रोसुवाला या दोन्हींचा त्रास बराच कमी, पण नव्या डॉक्टरकडे गेलं की चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगायच्याच.

दुसरं, रोसुवा घेतल्यावर ॲसिडिटीचं पातळ औषध लगेच प्यायचं नाही, दोन तास जाऊ द्यायचे, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही.

तिसरं, शेजाऱ्याला चालू आहे म्हणून तीच स्ट्रिप मागणारे. एक साधी रोसुवा असते आणि एक कॅप्सूल असते ज्यात रक्त पातळ करणारं ॲस्पिरिन, कधी क्लोपिडोग्रेल पण असतं. ती हार्ट पेशंटची. ज्याला हार्टचा आजार नाही त्याने ती मनानं घेतली तर पोटातून रक्तस्राव व्हायची भीती. नाव जवळपास सारखंच असतं, पाकीट वाचा.


डॉ_निवांत

जत्रेचं मटण एक दिवस खा, साजूक तुपाची धार आणि वरची तर्री सोडा. रोजचं काय आहे ते महत्त्वाचं. आणि ट्रायग्लिसराईड २१० वाल्यांनी मटणापेक्षा साखर, मैदा आणि दारूकडे बघावं, तो आकडा तिकडून जास्त वाढतो. यात साताऱ्याचे कंदी पेढे येतात, आयडी बघून बोलतोय.


सातारी_कंदी

पकडलं डॉक्टरांनी 🙏

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. तोवर किल्ला बंद, गोळी चालू, अण्णा कसेबसे तयार झालेत. सॅमसनचं सांगितल्यावर म्हणाले "म्हणजे मी नाटक करतोय काय", मग आईनेच समजावलं. गोळी रात्रीच घ्यायची असते का? सकाळी चहाबरोबर दिली तर आईच्या नजरेसमोर जाईल, ड्रॉवरचा प्रश्न मिटेल.


मेडिकलवाला

सिमवास्टॅटिन असती तर रात्रीच म्हटलं असतं, ती लवकर उतरते आणि लिव्हर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं. रोसुवा आणि ॲटोर्वा लांब टिकतात, सकाळी द्या नाहीतर रात्री द्या, फक्त वेळ रोज एकच ठेवा. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं. पाय दुखतात म्हणून अण्णा आणखी काही घेतायत का? पुडी, तेल, कुणी दिलेली गोळी? जरा खोदून विचारा, आमच्याकडे येणारी माणसं हे कधीच स्वतःहून सांगत नाहीत.


सातारी_कंदी

विचारलं. घेतायत!! पेनकिलर, कट्ट्यावरच्या त्याच मित्राने दिलेली पूर्ण स्ट्रिप, रोज रात्री एक. डायक्लोफिनॅक लिहिलंय त्यावर. कोलेस्टेरॉलची गोळी वाईट म्हणून ड्रॉवरमध्ये आणि ही खिशात.


मेडिकलवाला

ही आज रात्रीपासून देऊ नका. टेल्मिसार्टन चालू असताना रोज डायक्लोफिनॅक म्हणजे किडनीवर लोड, बीपी पण वाढतं, आणि साठीच्या माणसाला हार्टच्या दृष्टीनं पण चांगली नाही. डॉक्टर साहेबांनी वर क्रिएटिनिन लिहिलंच आहे, ते चुकवू नका. सोमवारी ती स्ट्रिप बरोबर न्या आणि गेल्या गेल्या आधी हेच सांगा, मांड्यांचं नंतर.